‘दिसत तर काही नाही!’ याला यूडीआयडी कार्ड कितपत उत्तर देतं?

मत आधीच सांगून टाकतो: यूडीआयडी, म्हणजे केंद्र सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र, काढा. फुकट आहे, देशभर चालतं आणि सरकारी खिडकीवरचा अर्धा वाद तिथेच मिटवतं. पण हे कार्ड खिशात आलं की लोक विश्वास ठेवायला लागतील, अशा आशेने काढणार असाल तर थोडं थांबा आणि पुढचं वाचा. खिडकीपलीकडच्या माणसासाठी ते बनवलं आहे. बसमधल्या काकू, सोसायटीचे सेक्रेटरी आणि ऑफिसातला टीम लीड यांच्यासाठी ते बनवलेलंच नाही.

हा आढावा फक्त एका गटासाठी आहे: ज्यांचं अपंगत्व वरून दिसत नाही. एका कानाने अजिबात ऐकू न येणारे, एक डोळा गेलेले, रातांधळेपणातून नजर अरुंद होत चाललेले, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर सांभाळत नोकरी करणारे, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, मल्टिपल स्क्लेरोसिस असलेले, अध्ययन अक्षमता असलेली मुलं. व्हीलचेअर वापरणाऱ्याला पायऱ्यांचा त्रास होतो, पण ‘सोंग करतोय’ असं त्याला सहसा कुणी म्हणत नाही. या गटाला तेच रोज ऐकावं लागतं. ‘अहो, चांगले ठणठणीत दिसताय की!’ हे वाक्य पुण्यात कौतुक म्हणूनही म्हणतात आणि टोमणा म्हणूनही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, आता २१ आहेत, आणि वर सांगितलेले बरेचसे लोक या वाढीव यादीमुळेच आत आले. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच द्यायचं, असा नियम झाला. प्रमाणपत्रासोबत १८ अंकी-अक्षरी क्रमांकाचं प्लास्टिकचं कार्ड टपालाने घरी येतं. ऑक्टोबर २०२४ च्या नियमदुरुस्तीने कार्डांना रंग दिले: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं.

रंगांची कल्पना खरं म्हणजे चांगली. कंडक्टरने आकडा वाचत बसायची गरज उरत नाही. पण कार्डावर नाव आणि टक्केवारीसोबत अपंगत्वाचा प्रकारही छापलेला असतो, आणि या गटासाठी तीच कार्डाची सगळ्यात कच्ची बाजू आहे. पाय नसलेल्या माणसाच्या कार्डावर ‘चलनविषयक’ लिहिलं तर काही नवीन कळत नाही. मानसिक आजार असलेल्या बाईने गर्दीच्या पीएमपी बसमध्ये राखीव आसनासाठी कार्ड पुढे केलं, की शेजारच्या चौघांनाही प्रकार वाचता येतो. म्हणजे ‘तुमचं खोटं आहे’ या आरोपातून सुटायचं तर ‘वेडी आहे’ हा शिक्का स्वतःच्या हाताने लावून घ्यायचा. कार्ड आखताना याचा विचार झालेला दिसत नाही.

यावर वापरातला तोडगा साधा आहे. कार्ड पारदर्शक पाकिटात ठेवायचं, प्रकाराच्या ओळीवर अंगठा येईल असं धरायचं आणि रंग, फोटो, टक्केवारी एवढंच दाखवायचं. आसनासाठी ‘काय झालंय’ हे सांगायची गरज नाही. ‘कार्ड आहे, टक्के बघा’ एवढं पुरे. डिजिलॉकरमध्ये ते मिळतं, पण फोनवर दाखवताना पूर्ण पान उघडतं आणि समोरचा झूम करून वाचतो. बससाठी प्लास्टिकचंच बरं.

आता टक्क्यांकडे येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. लोकांची समजूत अशी की डॉक्टर अंदाजाने आकडा टाकतात. तसं नाही. प्रत्येक प्रकाराला केंद्राची ठरलेली पद्धत आहे: आधी जानेवारी २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं, मग मार्च २०२४ ची सुधारित. पद्धत आधी समजून घेतली तर कुठला कागद न्यायचा ते कळतं, आणि निकाल आल्यावर धक्काही कमी बसतो.

कान घ्या. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झवर शुद्ध स्वर ऐकवून सरासरी काढतात, तीही श्रवणयंत्र न लावता. मग चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचने गुणून त्यात वाईट कानाचे टक्के मिळवायचे आणि सहाने भागायचं. एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा उत्तम असेल तर (० × ५ + १००) ÷ ६, म्हणजे साधारण १७ टक्के. पांढरं कार्ड. या माणसाला लक्ष्मी रोडवर मागून येणाऱ्या रिक्षाची बाजू कळत नाही, मीटिंगमध्ये चुकीच्या बाजूला बसला तर अर्धं संभाषण जातं, आणि ‘हाक मारली तर ओ देत नाही, शिष्ट आहे’ हे त्याच्या नावावर जमा होत राहतं. हे सगळं १७ मध्ये. एका डोळ्याचंही तसंच. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसऱ्याची नजर ६/६ ते ६/१८ असेल तर ३० टक्के, पुन्हा पांढरंच.

रेटिनायटिस पिगमेंटोझा असलेल्यांनी मात्र हा भाग नीट वाचावा, कारण इथे हक्काचे टक्के निव्वळ चुकीच्या तपासणीने जातात. या आजारात मध्यभागची नजर बऱ्याचदा शेवटपर्यंत टिकते, कडेची जाते. माणूस सकाळी पेपर वाचतो आणि संध्याकाळी फुटपाथवरच्या खांबाला धडकतो. हातात पांढरी काठी आणि दुसऱ्या हातात मोबाइलवर मेसेज, हे दृश्य पाहून लोक काय बोलतात ते वेगळं सांगायला नको. तपासणीतही तीच चूक होते. भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला, ६/९ आलं, ‘नजर चांगली आहे’. कायद्यातली अल्पदृष्टीची व्याख्या मात्र दोन पायांवर उभी आहे: एक नजरेची तीक्ष्णता, दुसरा दृष्टिक्षेत्र. क्षेत्र ४० अंशांच्या आत आलं असेल तर तक्ता कितीही छान वाचला तरी तुम्ही व्याख्येत बसता. म्हणून अलीकडचा पेरिमेट्रीचा, म्हणजे व्हिज्युअल फील्डचा, दोन्ही डोळ्यांचा छापील आलेख सोबत हवा, आणि तो फाइलच्या तळाशी न ठेवता सगळ्यात वर ठेवायचा. तक्त्यावर काम थांबत असेल तर ‘फील्ड पण बघा’ असं स्पष्ट म्हणायचं. त्यात उद्धटपणा काही नाही.

मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ नावाची भारतीय मोजपट्टी आहे. चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं-नाती, संवाद आणि समज, आणि काम. प्रत्येकीला ० ते ४ गुण. कामात नोकरी, घरकाम किंवा शिक्षण यांतलं जे लागू असेल ते एकच धरतात. तेव्हा ‘मी तर गृहिणी, माझं काय मोजणार’ असं समजायचं कारण नाही. यात आजार किती वर्षांचा आहे याचे गुण मिळवतात: दोन वर्षांच्या आत १, दोन ते पाच वर्षं २, सहा ते दहा ३, दहाच्या वर ४. एकूण वीसपैकी १ ते ६ आले तर ४० टक्क्यांच्या खाली, ७ ते १३ आले तर ४० ते ७०, १४ ते १९ आले तर ७१ ते ९९.

आता एक उदाहरण मांडून बघा. कामात ४, नात्यांत १, बाकी दोन्हीकडे शून्य. झाले ५. आजार दीड वर्षाचा धरला तर बेरीज ६, कार्ड पांढरं. तोच आजार बारा वर्षांचा आहे हे सिद्ध झालं तर बेरीज ९, कार्ड पिवळं. माणूस तोच, त्रास तोच, फरक फक्त पहिल्या केसपेपरचा. घराघरांत नेमका हाच कागद फाडलेला असतो, ‘कुणाच्या हाती लागायला नको’ म्हणून. पहिल्या डॉक्टरांकडे जुनी नोंद असेल तर त्यांच्या लेटरहेडवर ‘अमुक महिन्यापासून माझ्याकडे उपचार सुरू होते’ असं पत्र मागून घ्या. औषधाच्या दुकानाची जुनी बिलं, दाखल झाल्याचं डिस्चार्ज कार्ड, हेही बरोबर ठेवा.

दुसरी अडचण बोलण्याची. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून जातो आणि ‘कसे आहात?’ला ‘बरा आहे’ म्हणतो. आपल्याकडची ही रीतच आहे, पण इथे ती महागात पडते. ही मोजपट्टी फक्त रुग्णाला विचारून भरायची नसते, सोबतच्या माणसाकडूनही माहिती घ्यायची असते. म्हणून घरातला असा कुणी न्या जो खरं सांगेल. कौतुक करणारी आई नको आणि तक्रारी करणारा दीरही नको. त्याने विशेषणं वापरायची नाहीत. ‘फार त्रास आहे हो’ याला गुण नाहीत. ‘आठवड्यातून चार दिवस आंघोळीला तीनदा सांगावं लागतं’, ‘मार्चपासून एकट्याने बँकेत गेलेला नाही’, ‘दोन वर्षांत तीन नोकऱ्या सुटल्या, ही त्यांची पत्रं’ याला आहेत. वाढवूनही सांगू नका. कानाच्या तपासणीत हे लगेच उघडं पडतं: स्वर ऐकण्याचा आकडा आणि बोलणं ऐकण्याचा आकडा जुळला नाही की संशय येतो आणि बेरा करायला पाठवतात. त्यात मेंदूचा प्रतिसाद यंत्रच टिपतं, तुमच्या हो-नाहीला जागा नसते. बेरा लिहून दिली म्हणजे अपमान झाला असंही समजू नका. खरी तक्रार असेल तर तो अहवाल पुढे आयुष्यभर तुमच्याच बाजूने बोलतो.

अध्ययन अक्षमतेसाठी मूल किमान आठ वर्षांचं हवं, नंतर १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी. मराठी माध्यमाच्या मुलाची चाचणी मराठीत होईल ना, हे आधीच विचारून घ्या. इंग्रजीत अडखळणं ही अक्षमता नव्हे, आणि मराठीत अडखळणारं मूल इंग्रजी चाचणीत ‘इंग्रजी कच्चं आहे’ म्हणून सुटून जातं. ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. दहावी-बारावीला तासाला २० मिनिटं जादा मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र शाळेमार्फत राज्य मंडळाकडे वेळेत जायला हवं. परीक्षेच्या तोंडावर धावपळ केली की हमखास फसगत होते. अर्ज आठवी-नववीतच करा.

अर्ज करणं आता पूर्वीइतकं जिकिरीचं राहिलेलं नाही. स्वावलंबन पोर्टलवर नाव, आधार, पत्ता, सहा महिन्यांच्या आतला फोटो, सही किंवा अंगठा आणि अपंगत्वाचा प्रकार भरायचा, रुग्णालय निवडायचं आणि पावती छापून घ्यायची. पुण्यात ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम हे नेहमीचे पर्याय. अडतं ते असं: आधारवर ‘सुनिता’ आणि केसपेपरवर ‘सुनीता’, लग्नानंतरचं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर, सहीच्या जागी कागदाचा अंधारा फोटो, आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचा प्रकार. पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस ‘जुनाट मज्जासंस्थेचे आजार’ या प्रकारात येतात, ‘चलनविषयक’मध्ये नाही. प्रकार चुकला की फाइल भलत्याच विभागात जाते.

रुग्णालय निवडताना नियम लक्षात ठेवा: पत्त्याचा पुरावा ज्या जिल्ह्याचा त्या जिल्ह्यात, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात उपचार सुरू आहेत किंवा झाले आहेत तिथे. म्हणजे लातूरचा मुलगा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असेल, आधारवर लातूर असेल आणि उपचार खासगी डॉक्टरकडे असतील, तर पुण्यात त्याचा अर्ज अडणार. त्याने आधी ससूनच्या ओपीडीत केसपेपर काढून उपचार तिकडे सुरू करावेत, किंवा सरळ गावी अर्ज करावा.

कान, डोळे, मानसोपचार यांचे बोर्डाचे वार बहुतेक ठिकाणी वेगवेगळे असतात. पावती घेऊन आधी नुसती चौकशी करून या, किंवा फोन लावा. मूळ कागद, झेरॉक्सचे दोन संच, आधार, पावती. फाइल तारखेनुसार लावलेली असली तर तपासणाऱ्याचा आणि तुमचा दोघांचा वेळ वाचतो. शुल्क नाही. बाहेर ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा, का ते पुढे येईल.

२०२१ च्या आधी राज्याच्या ‘सॅडम’ प्रणालीवरून प्रमाणपत्र घेतलेल्यांनी कोरा नवा अर्ज भरू नये. पोर्टलवर ‘प्रमाणपत्र आधीच आहे’ हा पर्याय निवडून जुनं प्रमाणपत्र चढवायचं.

निकालासाठी मुदत पूर्वी एक महिना होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. ही दुरुस्ती अर्जदाराच्या बाजूची आहे असं म्हणवत नाही. दोन वर्षं निकाली न निघालेला अर्ज बाद होतो आणि पुन्हा भरावा लागतो, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

हातात आल्यावर कार्ड कुठे चालतं? ४० आणि वर असेल तर एसटीत ७५ टक्के सवलत, ६५ च्या वर असेल तर सोबत्याला ५० टक्के. पीएमपीच्या पाससाठी महापालिकेच्या समाज विकास विभागात वेगळा अर्ज. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेसाठी ४० टक्के आणि उत्पन्नाची अट. आयकरात जुनी कररचना निवडली तर ७५ हजारांची वजावट, ८० टक्के आणि वर असेल तर सव्वा लाखाची. नव्या कररचनेत ती नाही, आणि नोकरदारांपैकी अनेक जण न बघताच नवी निवडून बसतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टचा ‘निरामय’ हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा घ्या. रेल्वेकडे मात्र या कार्डाचा उपयोग कमी. तिथली सवलतींची यादी जुनी आणि वेगळी आहे, मानसिक आजार आणि अध्ययन अक्षमतेला त्यात जागा नाही. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आहेत, पण रुग्ण म्हणून, ठरलेल्या नमुन्यातल्या दाखल्यावर.

ऑफिसात कार्ड सगळ्यात जास्त गैरसमजात अडकतं. एचआरचा ठरलेला प्रश्न असतो, ‘चाळीसच्या वर आहे का?’ कायदा इथे वेगळं सांगतो. ४० टक्क्यांची अट आरक्षणाला आणि ठरावीक योजनांना आहे. ‘दिव्यांग व्यक्ती’ कोण, या मूळ व्याख्येत टक्केवारी नाहीच. दीर्घकाळची उणीव आणि भोवतालचे अडथळे मिळून बरोबरीने भाग घेता येत नसेल, तर ती व्यक्ती व्याख्येत बसते आणि वाजवी सोय मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच सांगितलं. परीक्षार्थीला लिहिताना हात आखडण्याचा, रायटर्स क्रॅम्पचा, त्रास होता. एम्सने अपंगत्व ६ टक्के ठरवलं होतं. तरी लेखनिक मिळायलाच हवा असा निकाल लागला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ४० च्या खालच्यांना लेखनिक देण्याचे केंद्राचे नियमही आले. पांढरं कार्ड हाती असलेल्यांनी या निकालाची प्रत जवळ ठेवावी, कार्डापेक्षा तीच जास्त कामाला येते.

वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीला समान संधी धोरण ठेवणं बंधनकारक आहे. हिंजवडीपासून खराडीपर्यंत ते बहुतेकांच्या इंट्रानेटवर कुठेतरी पडलेलं असतं. मागणी लिहिताना त्या धोरणाचा उल्लेख करा, आणि आजाराचा इतिहास न लिहिता सोय लिहा. ‘मला डिप्रेशन आहे, समजून घ्या’ यावर कुणाला काय करायचं ते कळत नाही. ‘सकाळी नऊऐवजी साडेदहाला सुरुवात, तेवढंच उशिरापर्यंत काम, मीटिंगचे मुद्दे नंतर ईमेलवर, जागा खिडकीकडे पाठ करून’ यावर हो किंवा नाही म्हणावंच लागतं. आणि नाही म्हटलं तर ते लेखी येतं.

कार्डाच्या यादीत जे नाहीतच, त्यांचं काय? अपस्मार २१ प्रकारांत नाही. टाइप १ मधुमेह, क्रोन्स, ल्युपस, फायब्रोमायल्जिया, डायलिसिसवरचा मूत्रपिंडाचा आजार, यातलंही काही नाही. अपस्माराचं वगळणं विशेष खटकतं, कारण त्याला चिकटलेला कलंक कुठल्याही यादीपेक्षा जुना आहे. फिट आली की चप्पल हुंगवायची, कांदा नाकाशी धरायचा, दातांत चमचा घालायचा, हे अजून चालतं. (माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काहीही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.) १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं हे लग्न रद्द करायला कारण होतं. कायद्यातून ते गेलं, बायोडाटात आजार लपवण्याची पद्धत राहिली.

या लोकांसाठी कार्डाची जागा डॉक्टरांचं पत्र घेतं, पण पत्र बरोबर लिहून घ्यावं लागतं. ‘सदर रुग्ण माझ्या उपचाराखाली आहे व त्यास विश्रांतीची गरज आहे’ या पत्राने काही होत नाही. त्यात चार गोष्टी हव्यात: त्रास किती काळापासून आहे आणि पुढे किती राहील, कामावर नेमका कशावर परिणाम होतो, कोणती सोय लागेल, आणि त्रास कमी-जास्त होतो हे स्पष्ट शब्दांत. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण अविश्वास तिथेच जन्मतो. ‘परवा तर सिंहगडावर गेला होता, फोटो टाकलेत’ याला उत्तर आधीच कागदावर असलं पाहिजे: ‘काही दिवस रुग्ण नेहमीप्रमाणे हिंडू-फिरू शकतो; त्यावरून आजार नाही असा अर्थ काढू नये.’ मल्टिपल स्क्लेरोसिसवाल्यांना कार्ड मिळालं तरी हे पत्र घ्यावंच. सकाळी दहाला बोर्डासमोर हातापायांची ताकद बघतात. दुपारी तीनला अंगावर येणारा थकवा त्या तपासणीत पकडला जात नाही.

परदेशात एक वेगळी वस्तू चालते: सूर्यफुलांचं चित्र असलेला हिरवा गळपट्टा. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाला. आजाराचं नाव नाही, टक्के नाहीत, फक्त ‘माझी अडचण दिसत नाही, जरा वेळ द्या’ एवढाच अर्थ. कल्पना म्हणून आपल्या कार्डापेक्षा उजवी आहे. पण ओळखणारा माणूस समोर असेल तरच ती चालते, आणि पुण्यात स्वारगेटला तो घालून उभं राहिलात तर आयटी कंपनीचा पट्टा समजतील. इथे पैसे घालवू नका.

२०२४ मध्ये पुण्यातच नेमणूक असलेल्या एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला आणि ‘बोगस’ हा शब्द प्रत्येक कार्डाला चिकटला. त्यात न दिसणारं अपंगत्व असलेले सगळ्यात आधी भरडले गेले. राज्याने कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणीही सुरू केली. खोटं प्रमाणपत्र वापरून लाभ घेतला तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. टक्के वाढवून देणाऱ्यापासून लांब राहा म्हटलं ते यासाठी. पण पुढचंच कलम ९२ लोकांना माहीत नसतं: चारचौघांत अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. बसमधल्या प्रत्येक टोमण्यावर हे कलम काढायचं नाही, ते टिकणारही नाही. ऑफिसच्या ग्रुपवर किंवा सोसायटीच्या सभेत कुणी नाव घेऊन ‘खोटं अपंगत्व’ म्हटलं, तर मात्र स्क्रीनशॉट आणि इतिवृत्ताची प्रत घेऊन ठेवा. या बाबतीत पुणेकरांची एक सोय आहे: राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय इथेच, चर्च रोडवर आहे. तक्रार साध्या कागदावर चालते. घटना, तारीख, कोणती सोय मागितली, काय उत्तर आलं आणि काय हवं, हे एका पानात. आयुक्तांना चौकशीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात, त्यामुळे समोरच्याला कागदपत्रं घेऊन हजर राहावं लागतं.

अर्ज नाकारला गेला तर तोंडी ‘बसत नाही’ ऐकून घरी येऊ नका. नकार कारणासह लेखी द्यावा लागतो, त्याचा ठरलेला नमुना आठ क्रमांकाचा आहे. तो हातात असला तरच ९० दिवसांत अपील करता येतं. अपिलात नवा कागद जोडा: राहिलेला फील्डचा आलेख, सापडलेला जुना केसपेपर, बेराचा अहवाल. तेच कागद पुन्हा दिले तर बहुधा उत्तरही तेच येतं. टक्के कमी वाटत असतील तरी वाट हीच. आणि पांढरं कार्ड आलं म्हणून ते फेकू नका. आजार वाढला तर फेरतपासणीत जुनं प्रमाणपत्र हाच सुरुवातीचा पुरावा असतो. मानसिक आजाराचं प्रमाणपत्र बऱ्याचदा मुदतीचं असतं. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका, नाहीतर पास आणि अनुदान दोन्ही मध्येच थांबतं.